आधी दोर, मग सूत्र

एक प्रश्न सोडवून पाहा. शाळेच्या मैदानाच्या एका टोकाला दोन स्पीकर ठेवले आहेत. एकातून ३०० हर्ट्झचा आवाज निघतो, दुसऱ्यातून ६०० हर्ट्झचा. दोन्ही एकाच क्षणी सुरू केले, तर दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या मुलीला आधी कोणता ऐकू येईल?

नववी-दहावीतली बरीच मुलं ‘६०० हर्ट्झचा’ असं उत्तर देतात आणि कारणही सांगतात: वेग म्हणजे वारंवारिता गुणिले तरंगलांबी, वारंवारिता दुप्पट झाली म्हणून वेगही दुप्पट. सूत्र बरोबर आहे, उत्तर मात्र चूक. दोन्ही आवाज एकाच वेळी पोहोचतात. याचा पुरावा गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत दरवर्षी मिळतो. ढोलाचा ठोका कमी वारंवारितेचा, ताशाची तर्री जास्त वारंवारितेची. पथक तीन-चारशे मीटर दूर असलं तरी ढोल आणि ताशा एकमेकांशी तालातच ऐकू येतात. ताशाचा आवाज खरोखर ढोलाच्या दुप्पट वेगाने धावत असता, तर साडेतीनशे मीटरवर तो ढोलाच्या अर्धा सेकंद आधी येऊन ठेपला असता आणि लांबून ऐकणाऱ्याला ताल लागलाच नसता.

माझ्या मते तरंगांचं अर्धं प्रकरण एका वाक्यात आहे: वारंवारिता स्रोत ठरवतो, वेग माध्यम ठरवतं आणि तरंगलांबी या दोहोंवरून ठरते. स्पीकरचा पडदा सेकंदाला ६०० वेळा थरथरला की हवेत सेकंदाला ६०० तरंग सोडले जातात. हवा ते आपल्याच वेगाने पुढे नेते. २५ अंश सेल्सिअसला हा वेग सेकंदाला सुमारे ३४६ मीटर असतो. ३४६ मीटरमध्ये ६०० तरंग मावायचे, तर एकेक तरंग सुमारे ५८ सेंटिमीटरचा होतो. ३०० मावायचे, तर एकेक १ मीटर १५ सेंटिमीटरचा. म्हणजे वारंवारिता दुप्पट झाली की तरंगलांबी निम्मी होते आणि वेग आहे तिथेच राहतो. सूत्रातल्या तीन राशींपैकी कोण कोणाच्या ताब्यात आहे हे आधी विचारायचं, गुणाकार-भागाकार नंतर करायचा. पुढचं सगळं मी याच क्रमाने सांगणार आहे.

दोराशी अर्धा तास

पुस्तकातली नागमोडी रेघ कितीही वेळा पाहिली तरी तरंग चालताना दिसत नाही. त्यासाठी मांडव बांधायला वापरतात तसा बोटभर जाडीचा सुती दोर पाच-सहा मीटर मिळवा. कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरीही चालते, पण ती हलकी असल्यामुळे तिच्यावरचा तरंग डोळ्यांना पकडता येणार नाही इतका झटकन निघून जातो. एक टोक खिडकीच्या गजाला बांधा. दोराच्या मधोमध लाल रिबीन बांधा. दुसरं टोक हातात धरून दोर हलकासा ताणा आणि हाताला वर-खाली असा एकच झटका द्या. एक उंचवटा दोरावरून गजाकडे धावत जाईल. त्या उंचवट्याकडे पाहू नका, रिबिनीकडे पाहा. उंचवटा तिच्याखालून जाताना ती वर उचलली जाते, खाली येते आणि होती तिथेच थांबते. गजाकडे ती बोटभरही सरकत नाही. हातातून निघालेली ऊर्जा गजापर्यंत गेली, दोराचा एकही धागा गेला नाही. ‘तरंगातून ऊर्जेचं वहन होतं, पदार्थाचं नाही’ ही व्याख्या पाठ करण्याआधी ही रिबीन एकदा पाहायलाच हवी.

आता झटका जोरात द्या. उंचवटा जास्त उंच होईल, म्हणजे आयाम वाढला. पण गजापर्यंत पोहोचायला लागणारा वेळ तेवढाच राहील. मग हात सतत वर-खाली हलवा, आधी सावकाश, मग भराभर. भराभर हलवल्यावर दोरावर शृंगं आणि गर्त दाटीवाटीने येतात, म्हणजे तरंगलांबी घटते. पण एखाद्या शृंगावर नजर ठेवली तर त्याची चाल बदललेली नसते. शेवटी दोर जोरात ताणा. आता मात्र उंचवटा दिसेल न दिसेल इतक्या वेगाने पळेल. ताण वाढवणं म्हणजे माध्यमच बदलणं. पहिल्या दोन वेळा तुम्ही फक्त स्रोत, म्हणजे तुमचा हात बदलला होता.

हे सगळं मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये चित्रित करा. मागे भिंतीवर अर्ध्या-अर्ध्या मीटरवर खडूने खुणा केल्या असतील तर चित्रफितीवरून तरंगाचा वेगही मोजता येतो. आणि चित्रफीत पुन्हा बघताना आणखी एक गोष्ट दिसेल, जी नुसत्या डोळ्यांना बहुधा निसटते: गजावर आपटून परत येणारा उंचवटा उलटा होऊन येतो. वरून गेलेला तरंग परतताना खालून येतो. गज हलू शकत नाही म्हणून हे घडतं. दोर गजाला वर ओढू पाहतो, गज दोराला तेवढ्याच जोराने खाली ओढतो. न्यूटनचा तिसरा नियम इथे उघड्या डोळ्यांनी पाहायला मिळतो.

दोराचा एखादा बिंदू वर-खाली ज्या वेगाने हलतो तो एक वेग. तरंग दोरावरून ज्या वेगाने पुढे जातो तो दुसरा. हे दोन वेग निराळे आहेत, त्यांच्या दिशाही इथे निराळ्या आहेत. कणाचा वेग सतत बदलत असतो: टोकाला पोहोचल्यावर शून्य, मधल्या जागेवरून जाताना सर्वांत जास्त. तरंगाचा वेग मात्र एकसारखा राहतो. परीक्षेत ‘वेग’ विचारला की नेमका कोणाचा, हे प्रश्नात बोट ठेवून वाचा.

आडवं हलणं, मागे-पुढे हलणं

दोरावर कण तरंगाच्या दिशेला काटकोनात हलतात. हा अवतरंग. ध्वनी हवेतून जातो तेव्हा हवेचे रेणू तरंगाच्याच दिशेत मागे-पुढे होतात. हा अनुतरंग. पंढरपूरच्या दर्शनबारीत मागून एक धक्का बसला की तो माणसामाणसातून पुढे सरकत जातो, प्रत्येक जण क्षणभर पुढच्यावर रेलतो आणि पुन्हा आपल्या जागी येतो. ध्वनीही हवेतून असाच जातो. जिथे रेणू दाटतात ते संपीडन, जिथे विरळ होतात ते विरलन. एका संपीडनापासून लगतच्या संपीडनापर्यंतचं अंतर ही ध्वनीची तरंगलांबी.

आता घोळ कुठे होतो ते पाहा. पुस्तकात ध्वनीच्या तरंगाखालीही तीच नागमोडी रेघ काढलेली असते. ती पाहून मुलांना वाटतं की हवासुद्धा वर-खाली होत पुढे जाते. ती रेघ हवेचं चित्र नाही, तो आलेख आहे. उभ्या अक्षावर हवेची घनता किंवा दाब आहे. रेघ वर गेली तिथे हवा दाटलेली, खाली आली तिथे विरळ. कोणताही आलेख समोर आला की आधी दोन्ही अक्षांवर काय लिहिलंय ते वाचायची सवय या प्रकरणात फार उपयोगी पडते. कारण आडव्या अक्षावरही दोन शक्यता असतात. तिथे अंतर असेल, तर एका क्षणी सगळ्या दोराचा फोटो काढल्यावर जे दिसेल ते तुमच्यासमोर आहे आणि लगतच्या दोन शृंगांमधलं अंतर ही तरंगलांबी. तिथे काळ असेल, तर त्या लाल रिबिनीने एकाच जागी राहून किती वाजता किती उंची गाठली याची नोंद तुमच्यासमोर आहे आणि लगतच्या दोन शृंगांमधलं अंतर हा दोलनकाल. दोन्ही आलेख दिसायला अगदी सारखे. काळाच्या आलेखावरून तरंगलांबी वाचून टाकली तर पुढचं अख्खं गणित वाया जातं.

समुद्र आणि त्सुनामी

कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांना तरंगांची प्रयोगशाळा दारातच आहे. लाटा फुटतात त्याच्या पलीकडे तरंगणारा नारळ किंवा जाळ्याचा बोया पाहत राहा. लाट खालून येते तेव्हा तो वर चढत थोडा पुढे जातो, लाट गेल्यावर उतरत थोडा मागे येतो. पाण्याचा कण जवळजवळ वर्तुळात फिरतो. म्हणजे समुद्राची लाट ना निव्वळ अवतरंग आहे, ना निव्वळ अनुतरंग. सगळे तरंग दोन खोक्यांत नीट बसतात अशी समजूत पुस्तकामुळे होते. समुद्र ती दुरुस्त करतो.

किनाऱ्याजवळ काय होतं ते मात्र आपल्या ‘वेग माध्यम ठरवतं’ या सुरुवातीच्या वाक्यातून उलगडतं. उथळ पाण्यात लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर अवलंबून असतो: गुरुत्व त्वरण आणि खोली यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. खोली कमी झाली की लाट मंदावते. पण मिनिटाला जितक्या लाटा खोल समुद्रातून येत आहेत तितक्याच किनाऱ्याला लागणार, मध्ये कुठे लाटा साठून राहत नाहीत. म्हणजे वारंवारिता तीच, वेग कमी, म्हणून तरंगलांबीही कमी. लाटा एकमेकींच्या जवळ येतात, ऊर्जा कमी लांबीत गोळा होते, उंची वाढते आणि शेवटी माथा पुढे कलंडून लाट फुटते. लाटा तिरप्या येत असल्या तरी किनाऱ्याला पोहोचेपर्यंत जवळपास समांतर होतात, त्याचंही कारण हेच. लाटेचं जे टोक आधी उथळात येतं ते आधी मंदावतं, दुसरं टोक तोवर पुढे येतं आणि लाट वळते. प्रकाश काचेत शिरताना वळतो ते अपवर्तन, आणि हेही अपवर्तनच.

२६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी याच नियमाने आली. त्सुनामीची तरंगलांबी शंभर-दोनशे किलोमीटर असते, त्यामुळे चार किलोमीटर खोल महासागरसुद्धा तिच्या दृष्टीने उथळच. ९.८ गुणिले ४००० चं वर्गमूळ काढा: सेकंदाला सुमारे १९८ मीटर, म्हणजे ताशी ७०० किलोमीटरहून जास्त. सुमात्राजवळ निघालेल्या लाटा दोन-अडीच तासांत तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आल्या त्या यामुळे. खुल्या समुद्रात तिची उंची मीटरभरही नसते, जहाजाला पत्ता लागत नाही. दहा मीटर खोलीवर मात्र तिचा वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास येतो आणि उंची कित्येक पट वाढते.

तरंगाला शृंग असतं तसा गर्तही असतो. किनाऱ्यावर गर्त आधी पोहोचला तर समुद्र विलक्षण मागे हटतो, तळ उघडा पडतो आणि लोक कुतूहलाने पुढे जातात. त्या दिवशी थायलंडमधल्या फुकेतच्या माई खाओ किनाऱ्यावर टिली स्मिथ नावाची दहा वर्षांची इंग्रज मुलगी आईवडिलांबरोबर होती. दोनच आठवड्यांपूर्वी ती भूगोलाच्या तासाला त्सुनामीची लक्षणं शिकली होती. समुद्राचं बदललेलं रूप पाहून तिने आरडाओरडा केला, किनारा रिकामा करण्यात आला आणि तिथले लोक वाचले. किनाऱ्यावर राहणाऱ्या प्रत्येक मुलाला एवढं माहीत असावं: भरती-ओहोटीच्या वेळेशी न जुळणारा समुद्र अचानक मागे हटला, तर क्षणभरही न थांबता उंचावर पळायचं. आणि पहिली लाट ओसरली म्हणून खाली यायचं नाही, कारण तरंग एकटा येत नाही.

जमिनीतून येणारे दोन निरोप

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला. त्याआधी ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा. महाराष्ट्रातल्या मुलांना भूकंप लांबचा नाही, म्हणून हा भाग जरा सविस्तर.

भूकंपाच्या जागेवरून एकाच वेळी दोन प्रकारचे तरंग खडकातून निघतात. प्राथमिक तरंग हे अनुतरंग असतात. ते कवचाच्या खडकात सेकंदाला साधारण सहा किलोमीटर वेगाने जातात. दुय्यम तरंग हे अवतरंग. त्यांचा वेग सेकंदाला साधारण साडेतीन किलोमीटर. स्रोत तोच, खडकही तोच, तरी वेग दोन का? कारण खडक दाबला जाण्याला जितका विरोध करतो आणि बाजूला सरकवला जाण्याला जितका विरोध करतो ते दोन वेगळे गुण आहेत. माध्यम वेग ठरवतं याचा अर्थ ‘एका माध्यमात एकच वेग’ असा होत नाही. कण कोणत्या दिशेने हलतोय, हेही विचारावं लागतं.

या दोन वेगांचा उपयोग पाहा. २१० किलोमीटर दूर असलेल्या भूकंपमापकावर प्राथमिक तरंग ३५ सेकंदांनी पोहोचतात, दुय्यम ६० सेकंदांनी. मधलं अंतर २५ सेकंदांचं. म्हणजे मधल्या प्रत्येक सेकंदामागे भूकंप सुमारे ८.४ किलोमीटर दूर. भूकंपमापन केंद्रावर बसलेल्या माणसाला भूकंप नेमका कधी सुरू झाला हे माहीत असण्याची गरजच नाही, दोन धक्क्यांमधला वेळ पुरतो. एका केंद्रावरून अंतर कळतं, दिशा नाही. तीन केंद्रांवरून अंतरं काढून नकाशावर कंपासाने तीन वर्तुळं काढली की ती जिथे मिळतात ते भूकंपाचं ठिकाण. भूगोलाच्या नकाशावर तीन गावं घेऊन, अंतरं स्वतः ठरवून, हे एकदा करून बघाच. तासाभराचं काम आहे.

द्रव पदार्थ बाजूला सरकवल्याला लवचीक विरोध करत नाही, म्हणून दुय्यम तरंग द्रवातून जाऊ शकत नाहीत. मोठ्या भूकंपांनंतर पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूच्या केंद्रांवर थेट दुय्यम तरंग पोहोचतच नाहीत असं आढळलं आणि त्यावरून पृथ्वीच्या गाभ्याचा बाहेरचा भाग द्रवरूप असल्याचं कळलं. तिथपर्यंत कोणी खणत गेलेलं नाही. अवतरंग आणि अनुतरंग यांतला फरक दोन गुणांसाठी लिहून सोडून द्यायचा नसतो, तो यासाठी.

तंबोऱ्याची तार

दोरावर हात एका ठरावीक गतीने हलवला की जाणारे आणि परतणारे तरंग एकमेकांत मिसळून दोर जागच्या जागी फुगे काढल्यासारखा दिसतो. काही बिंदू अजिबात हलत नाहीत, ते निस्पंद. त्यांच्या मधले सर्वांत जास्त हलतात, ते प्रस्पंद. याला स्थिर तरंग म्हणतात आणि तारवाद्यांचा सगळा खेळ यावर चालतो.

घरात किंवा शाळेत तंबोरा असेल तर उत्तम, नाहीतर गिटारही चालेल. समजा, तारेचा मोकळा भाग ९० सेंटिमीटर आहे आणि तिची मूळ वारंवारिता १४० हर्ट्झ. दोन्ही टोकं बांधलेली, म्हणून तारेवर अर्धा तरंग मावतो. पूर्ण तरंगलांबी १.८ मीटर. तारेतला वेग १४० गुणिले १.८, म्हणजे सेकंदाला २५२ मीटर. हाच आवाज हवेत आला की वारंवारिता १४० च राहते, वेग सुमारे ३४६ होतो, तरंगलांबी जवळपास २.४७ मीटर. एकच सूर, दोन माध्यमं, दोन तरंगलांब्या. खुंटी पिळली की ताण वाढतो, तारेतला वेग वाढतो; लांबी तीच असल्यामुळे तरंगलांबी बदलू शकत नाही, म्हणून वारंवारिता चढते. वारंवारिता दुप्पट करायला ताण चौपट लागतो, म्हणून खुंटी बेतानेच पिळावी, तार तुटते.

आता तारेच्या बरोब्बर मध्यावर बोटाचं टोक नुसतं टेकवा, दाबू नका, आणि तार छेडून लगेच बोट उचला. वरच्या सप्तकातला तोच सूर ऐकू येईल, कारण मध्यावर तुम्ही निस्पंद तयार केला आणि वारंवारिता दुप्पट झाली. एक तृतीयांशावर बोट टेकवलंत तर तिप्पट होईल आणि तार षड्जाची असेल तर वरच्या सप्तकातला पंचम मिळेल. तार एरवी वाजते तेव्हाही हे सगळे उपस्वर तिच्यात थोडेथोडे असतातच. म्हणून तोच षड्ज तंबोऱ्यावर आणि बासरीवर वेगळा ओळखू येतो: वारंवारिता सारखी, उपस्वरांचं मिश्रण वेगळं. आवाज मोठा की लहान हे आयामावर, सूर वरचा की खालचा हे वारंवारितेवर आणि वाद्य कोणतं हे या मिश्रणावर.

मिरजेचे कारागीर घोडीची जवारी काढताना याच मिश्रणावर काम करत असतात. तंबोऱ्याची घोडी धारदार नसते, ती रुंद आणि किंचित गोलाईची असते. तारेखाली सुताचा एक बारीक धागा असतो आणि तो कणभर मागेपुढे केला की तार एकदम झंकारू लागते. साध्या तारेला एखाद्या उपस्वराच्या निस्पंद बिंदूवर छेडलं तर तो उपस्वर उमटायला नको. तंबोऱ्यात तोही उमटतो, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिलं. तार घोडीच्या गोलाईला सारखी स्पर्श करत राहते, त्यामुळे ऊर्जा एका उपस्वरातून दुसऱ्यात जाते. तबल्याच्या शाईमुळे चामड्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पटीत येतात, हेही रामन यांनीच शोधून काढलं. भौतिकशास्त्राचा अभ्यास करताना संगीताच्या खोलीत जाऊन बसायला शिक्षकांनी मुलांना मोकळीक द्यावी असं मला मनापासून वाटतं.

प्रकाशाचं थोडक्यात

प्रकाश हा अवतरंग आहे, पण त्याला माध्यम लागत नाही. विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं त्यात दोलायमान होतात. निर्वात पोकळीत त्याचा वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. तो अवतरंग असल्याची खूण घरी पाहता येते: पोलराइज्ड गॉगल कॅल्क्युलेटरच्या पडद्यासमोर धरून हळूहळू फिरवा, एका कोनात आकडे दिसेनासे होतील. अनुतरंगाच्या बाबतीत असं होऊ शकत नाही.

दाराआडून बोलणारा ऐकू येतो पण दिसत नाही, याचं कारण तरंगलांबी. ध्वनीची तरंगलांबी दाराच्या मापाची असते, म्हणून तो कडेवरून वळतो. प्रकाशाची मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी, त्यामुळे त्याचं वळणं जाणवत नाही. रेडिओचंही तेच. पुणे आकाशवाणीच्या ७९२ किलोहर्ट्झच्या मध्यम लहरींची लांबी सुमारे ३७९ मीटर, त्या डोंगराला वळसा घालतात. १०१ मेगाहर्ट्झच्या एफएमची लांबी जेमतेम तीन मीटर, म्हणून घाटाच्या वळणावर ती आधी खरखरते.

गणितं सोडवताना

गणितात आधी माध्यम कोणतं ते अधोरेखित करा. ५१२ हर्ट्झचा नादकाटा पाण्यात वाजवला, ध्वनीचा पाण्यातला वेग १४९८ दिला, तर तरंगलांबी २.९३ मीटर, हवेतली ०.६७ वगैरे पाठ असेल तर ती इथे चालणार नाही. एकक मीटर आणि हर्ट्झमध्ये आणल्याशिवाय भागाकाराला हात घालू नका. आणि प्रतिध्वनीच्या गणितात ध्वनी जाऊन परत येतो, हे विसरू नका. सोनारने सोडलेला ध्वनी ०.४ सेकंदाने परतला आणि वेग १५०० असेल, तर ६०० मीटर हा जाण्यायेण्याचा प्रवास झाला, समुद्राची खोली ३०० मीटर.

सोनोग्राफीला श्राव्यातीत ध्वनीच का, हा प्रश्न हमखास येतो. शरीराच्या ऊतींत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर. वारंवारिता ३५ लाख हर्ट्झ घेतली तर तरंगलांबी ०.४४ मिलिमीटर येते आणि साधारण तेवढा बारीक तपशील दिसू शकतो. ऐकू येणारा १००० हर्ट्झचा ध्वनी वापरला तर तरंगलांबी दीड मीटर, म्हणजे सबंध बाळाहून मोठी. उत्तरात हे दोन आकडे लिहा, परिच्छेदभर वर्णनाची गरज उरत नाही.

विजेचंही एक गणित लक्षात ठेवा, ते जिवाशी संबंधित आहे. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागा; तितके किलोमीटर वीज दूर आहे. ३० सेकंदांच्या आत गडगडाट आला तर शेतातून, झाडाखालून ताबडतोब पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजेची सूचना देतं, ते घरातल्या मोठ्यांच्या मोबाइलवर असू द्या.

ध्वनीचा वेग स्वतः मोजा

१८२६ मध्ये कोलादाँ या स्विस शास्त्रज्ञाने जिनिव्हा सरोवरात पाण्यातल्या ध्वनीचा वेग मोजला. एका होडीवरून पाण्याखाली घंटा वाजवायची आणि त्याच क्षणी वर बंदुकीच्या दारूचा भडका उडवायचा; साडेतेरा किलोमीटर दूरच्या होडीत बसून भडका दिसल्यापासून पाण्यात बुडवलेल्या कर्ण्यातून घंटा ऐकू येईपर्यंतचा वेळ मोजायचा. ९.४ सेकंद लागले, वेग आला सेकंदाला १४३५ मीटर. तेवढ्याच साध्या साहित्यात हवेतला वेग तुम्हाला मोजता येतो.

मोठी सपाट भिंत शोधा, समोर मोकळं मैदान हवं आणि आजूबाजूला दुसरी भिंत नको. टेपने मोजून भिंतीपासून ६० मीटरवर उभे राहा. एक टाळी वाजवा, प्रतिध्वनी ऐका. मग अशी लय पकडा की प्रत्येक नवी टाळी आधीच्या टाळीच्या प्रतिध्वनीवर अचूक पडेल. लय जुळली की प्रतिध्वनी ऐकू येईनासा होतो, तो तुमच्या टाळीखाली झाकला जातो. हीच जुळल्याची खूण. आता मित्राने स्टॉपवॉच लावायचं. पहिल्या टाळीला ‘शून्य’ म्हणायचं, ‘एक’ नव्हे, नाहीतर एक अंतर कमी मोजलं जातं. ‘वीस’ म्हणाल त्या टाळीला थांबवा. समजा, ७ सेकंद झाले. एका फेरीला ०.३५ सेकंद, फेरीचं अंतर १२० मीटर, वेग ३४३. एकच टाळी मोजली असती तर स्टॉपवॉच दाबायला लागणाऱ्या वेळेनेच सगळं उत्तर बिघडलं असतं. वीस टाळ्यांमध्ये ती चूक विसांत वाटली जाते. असं पाच-सहा वेळा करून सरासरी घ्या.

मैदान नसेल, तर जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं ‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप दोन मोबाइलवर घ्या. त्यातलं ध्वनीवर चालणारं स्टॉपवॉच एका आवाजाने सुरू होतं आणि दुसऱ्या आवाजाने थांबतं. मोबाइल एकमेकांपासून पाच मीटरवर ठेवा, एकाने पहिल्याजवळ टाळी वाजवायची, थोड्या वेळाने दुसऱ्याने दुसऱ्याजवळ. दोन्ही मोबाइलवरच्या वेळांतला फरक म्हणजे ध्वनीला जाऊन-येऊन दहा मीटर जायला लागलेला वेळ, सुमारे ०.०२९ सेकंद.

भिंतीसमोरचा प्रयोग डिसेंबरच्या सकाळी एकदा आणि एप्रिलच्या दुपारी एकदा करा, दोन्ही वेळा तापमान लिहून ठेवा. शून्य अंशाला हवेत ध्वनीचा वेग ३३१ असतो आणि दर अंशामागे तो सुमारे ०.६ ने वाढतो. १२ अंशाला ३३८ यायला हवा, ३८ अंशाला ३५४. वीस टाळ्यांऐवजी पन्नास मोजल्या, तर थंडीत १७.७ सेकंद लागतील आणि उन्हाळ्यात १६.९, पाऊण सेकंदाहून जास्त असलेला हा फरक साध्या मोबाइलच्या स्टॉपवॉचवर पकडता येतो.